दहा हातांची खोली

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी खडूनं एक चौकोन आखला. टेपचं दुसरं टोक भाच्यानं धरलं होतं. साडेचार मीटर लांब, साडेचार मीटर रुंद. उंचीही तेवढीच, पण ती खडूनं आखता येत नाही, म्हणून पाण्याच्या टाकीच्या माथ्याकडं बोट दाखवून त्याला म्हटलं, साधारण तिथवर. चौकोनाच्या मधोमध आणखी एक आयत काढला, 112 सेंटिमीटर बाय 67. जुन्या घरांतून अंथरुणं ठेवायची लाकडी पेटी असते ना, तेवढा. भाचा रेघ ओलांडून आत आला, सात पावलांत पलीकडे पोचला आणि म्हणाला, "मावशी, एवढीच?"

हो, एवढीच. 218 चौरस फूट. शहरातल्या बेताच्या फ्लॅटमधला हॉल साधारण एवढा असतो. बायबलच्या जुन्या करारात या खोलीचं नाव परमपवित्रस्थान. तिच्यात खिडकी नव्हती, दिवा नव्हता. आतल्या पेटीचं नाव कराराचा कोश. सीनायच्या रानात मोशेनं उभारलेल्या निवासमंडपाचा हा सगळ्यात आतला भाग. निर्गमाच्या पुस्तकातला हा मजकूर वाचताना बहुतेक लोक पानं उलटतात, कारण हात, वीत, कड्या, आकडे, खुंट्या यांची यादी संपता संपत नाही. जगाच्या उत्पत्तीला बायबलनं दोन अध्याय दिले. या तंबूला तेरा! मला ते तेरा अध्याय फार प्रिय आहेत, आणि त्याचं कारण त्यातले आकडेच आहेत.

मापांचं आधी सांगते. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तो मी 45 सेंटिमीटर धरला आहे. शेकेल म्हणजे सुमारे 11.4 ग्रॅम. आपला तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे शेकेल आणि तोळा जवळजवळ सख्खे भाऊच. तीन हजार शेकेलांचा एक किक्कार, सुमारे 34 किलो. एवढं हाताशी असलं की निर्गमाच्या 38 व्या अध्यायातला हिशेब सरळ वाचता येतो. सोनं 29 किक्कार 730 शेकेल, म्हणजे जवळपास बरोबर एक टन. चांदी 100 किक्कार 1,775 शेकेल, म्हणजे 3,440 किलो. पितळ 70 किक्कार 2,400 शेकेल, म्हणजे 2,420 किलो. वाळवंटात तंबू ठोकत फिरणाऱ्या, कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या इस्राएली लोकांचा हा हिशेब आहे.

त्यातली चांदी आली कुठून हे पाहण्यासारखं आहे. वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषानं अर्धा शेकेल द्यायचा, म्हणजे अर्धा तोळा चांदी. श्रीमंतानं जास्त द्यायचा नाही, गरिबानं कमी द्यायचा नाही, असा स्पष्ट दंडक होता. या पैशाला नावही वेगळं: जिवाबद्दलची खंडणी. देणारे किती? 6,03,550. त्याची निम्मी म्हणजे 3,01,775 शेकेल. तीन हजारांनी भागा. 100 किक्कार, आणि वर 1,775 शेकेल. वरचा हिशेब तंतोतंत जुळला.

मग त्या 100 किक्कारांच्या 100 उथळ्या ओतल्या. उथळी म्हणजे खांबाच्या किंवा फळीच्या बुडाशी बसवायची बैठक. तंबूला बाभळीच्या लाकडाच्या, सोन्यानं मढवलेल्या 48 फळ्या होत्या, प्रत्येक फळीखाली दोन उथळ्या. त्या झाल्या 96. उरलेल्या चार आतल्या पडद्याच्या खांबांखाली. एका उथळीत 34 किलो चांदी, म्हणजेच सहा हजार माणसांचे अर्धे अर्धे शेकेल. एक फळी बारा हजार माणसांच्या खंडणीवर उभी. वाळूवर पाया खणता येत नाही, म्हणून सगळा मंडप या चांदीवर उभा राहिला. कोणत्या उथळीत आपला अर्धा तोळा आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं, पण तो कुठल्या तरी फळीखाली नक्की होता. ख्रिस्ती वाचक इथं थबकतो ते खंडणी या शब्दापाशी. येशूनं आपल्या मरणाबद्दल हाच शब्द वापरला, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात तर रोख सांगितलं आहे की तुमची सुटका सोन्यारुप्यानं झालेली नाही. सोन्यारुप्याचा उल्लेख तिथं अलंकार म्हणून आलेला नाही; ख्रिस्ती वाचकाच्या डोळ्यांपुढे तिथं या उथळ्या येतात.

सहा लाख हा आकडा काही अभ्यासकांना पटत नाही. मूळ हिब्रूत हजारासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ कुळ किंवा तुकडी असाही होतो, त्यामुळं लोक प्रत्यक्षात खूप कमी असावेत असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. पण ज्यानं हा हिशेब लिहिला त्याला काय सांगायचं होतं, ते अर्ध्या शेकेलापर्यंत जुळवलेल्या बेरजेत दिसतं: एकही माणूस मोजणीबाहेर राहिलेला नाही.

आता तेच आकडे धरून छावणीच्या कडेवरून आत चालत यावं. बायकामुलं धरून वीस लाख माणसं, आणि माणशी फक्त दहा चौरस मीटर जागा धरली तरी छावणी वीस चौरस किलोमीटरांची होते. तिच्या मधोमध मंडपाचं अंगण, शंभर हात बाय पन्नास हात. मी गुणाकार केला आणि चकित झाले: 1,012 चौरस मीटर, म्हणजे आपले बरोबर दहा गुंठे! छावणीचा वीस हजारावा हिस्सा. भोवती पाच हात उंच तागाची कनात, सव्वादोन मीटर. उभ्या माणसाला वरून डोकावता येणार नाही अशी. आत तंबू तीस हात बाय दहा हात, साडेसहाशे चौरस फूट. आणि त्याच्या आतल्या टोकाला ही खोली, छावणीचा दहा लाखावा हिस्सा. माणसंही तशीच कमी होत जातात. वीस लाखांतून मंडपाची सेवा करण्याजोगे, तीस ते पन्नास वयाचे लेवी वंशातले पुरुष 8,580. तंबूत पाय ठेवता येईल असे याजक, प्रधानयाजक अहरोनाचे दोन मुलगे वारल्यानंतर, मोजून तीन. आतल्या पडद्यापलीकडे जाणारा एक. तोही वर्षातून एका दिवशी, रक्त आणि धूप घेऊन. धातूंचा क्रमसुद्धा याच वाटेनं जातो: अंगणात पितळ, फळ्यांखाली चांदी, आत सोनं.

इब्री लोकांस पत्राचा लेखक नवव्या अध्यायात दीपवृक्ष, मेज, भाकरी, पडदा, कोश, करूब असं एकेक नाव घेतो आणि मग म्हणतो की आता या सगळ्याचं सविस्तर सांगायला सवड नाही. ते सविस्तर सांगण्यात पुढच्या ख्रिस्ती भाष्यकारांनी शतकं घालवली. अंगणातली होमवेदी, पाच हात बाय पाच हात, तीन हात उंच: त्यांना ती क्रूस वाटली. तिच्या पलीकडचं पितळेचं गंगाळ म्हणजे बाप्तिस्मा. हे गंगाळ बायकांनी दिलेल्या आरशांचं होतं. तेव्हाचे आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. ज्यात आपला चेहरा पाहायचा तेच वितळवून त्यात हातपाय धुवायची सोय केली, ही गोष्ट मला भाष्यांपेक्षाही बोलकी वाटते. सोन्यानं मढवलेली धूपवेदी सगळ्यांत लहान, एक हात बाय एक हात, म्हणजे देवघरातल्या चौरंगाएवढी. प्रकटीकरणात धुपाला पवित्र जनांच्या प्रार्थना म्हटलं आहे.

भाकरीच्या मेजापाशी थोडं थांबायला हवं. मेज 90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, शाळेतल्या बाकाएवढं. त्यावर दर शब्बाथाला बारा ताज्या भाकरी, सहा सहांच्या दोन ओळींत. एका भाकरीला दोन दशांश एफा सपीठ, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास, वजनानं सव्वादोन-अडीच किलो. बारा भाकरींना दर आठवड्याला अठ्ठावीस किलोच्या आसपास पीठ. एवढ्या भाकरी एवढ्याशा मेजावर कशा मावत असतील, हा प्रश्न पीठ मळणाऱ्या कुणालाही पडेल. त्या एकावर एक रचत असाव्यात असंच वाटतं. इस्राएलच्या बारा वंशांच्या बारा, लहान वंशाची लहान असं नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो तेव्हा ख्रिस्ती वाचकाला हे मेज आठवतं.

आणि दीपवृक्ष. मराठी बायबलनं दिलेला हा शब्द मला मूळ वस्तूला शोभणारा वाटतो, कारण ते खरोखरच झाड होतं. एक खोड, सहा फांद्या, त्यांवर बदामाच्या फुलांच्या घाटाच्या बावीस वाट्या, बोंडं, पाकळ्या. सगळं एका किक्कार सोन्यातून ठोकून काढलेलं. सांधा कुठंही नाही. 34 किलो सोनं म्हणजे केवढं? सोनं इतकं जड की ते वितळवून ओतलं तर पावणेदोन लिटर भरेल. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीत मावून वर जागा उरेल! तेवढ्या गोळ्यातून बसालेल या कारागिरानं बदामाचं झाड उभं केलं. मंडपातलं एकूण एक टन सोनंही एकत्र ओतलं तर 37 सेंटिमीटर बाजूचा ठोकळा होतो, त्याहून मोठा नाही. रोमन सैन्यानं इसवी सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पाडलं तेव्हा तिथला दीपवृक्ष लुटून नेला. तो खांद्यांवर घेऊन चाललेले लोक रोममधल्या तीताच्या कमानीवर आजही कोरलेले दिसतात. मोशेच्या काळचा तो नव्हता, पण घाट तोच. प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात मात्र सात समया म्हणजे सात मंडळ्या, आणि त्यांच्या मधून ख्रिस्त चालतो आहे. जो दिवा एका खोलीत होता तो गावोगावच्या माणसांत वाटला गेला.

34 किलोंवरून एक पुस्तक आठवतं. इंग्लंडच्या उत्तरेला वेअरमथ-जॅरो इथल्या मठात आठव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिन बायबलच्या तीन भव्य प्रती लिहिल्या गेल्या. त्यातली एक पूर्ण स्वरूपात टिकली, तिचं नाव कोडेक्स अमियाटिनस. हजाराहून जास्त चर्मपत्रं, त्यासाठी पाचशेच्या आसपास जनावरांची कातडी, आणि वजन 34 किलोंच्या वर. एका दीपवृक्षाएवढं! या ग्रंथाच्या सुरुवातीला दोन समोरासमोरच्या पानांवर मिळून एक चित्र आहे: निवासमंडप, वरून पाहिल्यासारखा, अंगण, खांब आणि सगळं सामान जिथल्या तिथं. मठाधिपती केओलफ्रिथ 716 मध्ये हे पुस्तक रोमला पोचवायला निघाला आणि वाटेतच वारला. आज ते फ्लॉरेन्सच्या लॉरेन्झियाना ग्रंथालयात आहे. त्याच मठात सात वर्षांचा असल्यापासून वाढलेल्या बीडनं पुढं निवासमंडपावर तीन खंडांचं भाष्य लिहिलं, आणि शलमोनाच्या मंदिरावर आणखी एक. धुक्याच्या, थंड समुद्राच्या किनाऱ्यावर बसून त्या माणसानं सीनायच्या रानातली एकेक कडी आणि खुंटी अर्थ लावत मोजली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पुढं तंबूच्या जागी राजा शलमोनानं मंदिर बांधलं, आणि तिथं आकडे अंगावर येतात. परमपवित्रस्थान आता वीस हात बाय वीस हात बाय वीस हात. बाजू दुप्पट, म्हणजे पोकळी आठपट. ते मढवायला 600 किक्कार सोनं, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे: वीस टनांहून जास्त. भिंती, छत, जमीन मिळून 486 चौरस मीटर. त्यावर हे सोनं पसरलं तर दोन मिलिमीटरांहून थोडा जाड पत्रा होतो. आत दोन करूब, म्हणजे पंखधारी स्वर्गीय जीव, दहा हात उंच, आणि पंखाला पंख लावून ते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भिडलेले. बाहेर बारा बैलांच्या पाठीवर ओतीव गंगाळसागर, व्यास दहा हात, दोन हजार बथ पाण्याचा. बथ सुमारे 22 लिटरांचा धरला तर 44,000 लिटर. दहा हजारांचे चार टँकर रिकामे करूनही तो काठोकाठ भरला नसता. बैल तीन तीन करून चार दिशांना तोंडं केलेले, आणि जुन्या भाष्यकारांना त्यांत चहूकडे निघालेले बारा प्रेषित दिसले. समर्पणाच्या सणात 22,000 बैल आणि 1,20,000 मेंढरं. चौदा दिवस, रोज बारा तास धरले तर मिनिटाला चौदा बळी.

शलमोनाचा बाप दावीद यानं या मंदिरासाठी साठवलेल्या धनाचा आकडा तर कल्पनेत बसत नाही. एक लाख किक्कार सोनं, दहा लाख किक्कार चांदी. सोनं होतं 3,400 टन. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे 2025 मध्ये सुमारे 880 टन होतं, त्याच्या जवळजवळ चौपट. चांदी 34,000 टन, आज जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षभरात काढतात त्याहूनही जास्त. डोंगराळ भागातल्या छोट्या राज्याकडे एवढं असणं शक्य नाही, आणि बहुतेक अभ्यासक हा गौरवाचा आकडा मानतात. मलाही तसंच वाटतं. निर्गमातला हिशेब अर्ध्या शेकेलापर्यंत जुळतो, हा शून्यांवर शून्यं चढवत जातो. दोन्हींचा स्वभावच वेगळा.

पडद्याबद्दल असंच झालं. येशूच्या काळच्या मंदिरातला आतला पडदा चाळीस हात लांब, वीस हात रुंद, चार बोटं जाड, आणि तो धुवायला तीनशे याजक लागत, असं ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथात सांगितलं आहे. अठरा मीटर म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. तीनशे याजकांची गोष्ट अतिशयोक्ती आहे, हे पुढं तालमूदमध्ये रब्बींनीच नोंदवलं. पण मत्तय आणि मार्क यांनी सांगितलेली गोष्ट याच पडद्याची: येशूनं प्राण सोडला आणि पडदा फाटला, वरपासून खालपर्यंत. खालून माणूस फाडतो. अठरा मीटरांवरून कोण फाडणार? त्या काळी वल्हांडणाला मंदिरात दोन तासांत अडीच लाखांहून जास्त कोकरं कापली जात, असं इतिहासकार जोसेफस लिहितो. सेकंदाला पस्तीसच्या आसपास, म्हणजे हाही आकडा फुगलेला. योहानाच्या हिशेबानं येशू मेला तो त्याच दिवशी, कोकरं कापायच्या तयारीच्या दिवशी. रोज दोन कोकरं, वर्षाला 730, सणांची वेगळी, समर्पणाची लाखाच्या वर, आणि मग इब्री पत्र एक छोटा ग्रीक शब्द पुन्हा पुन्हा आणतं: एफापाक्स. एकदाच, कायमचं. लाखांची बेरीज एकावर येऊन थांबली.

मराठी बायबलमध्ये या पडद्याला अंतरपट म्हटलं आहे. लग्नात भटजींनी धरलेला अंतरपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं समजावून सांगायला नको: तो दूर करण्यासाठीच धरलेला असतो.

हेच सामान ज्यू परंपरेत आजही वेगळ्या अर्थानं आणि तेवढ्याच प्रेमानं वाचलं जातं, हे मला ठाऊक आहे. मी सांगते आहे ते ख्रिस्ती वाचन. त्यात त्या काळोख्या खोलीतल्या कोशावरचं सोन्याचं झाकण, दयासन, हे येशूचंच एक नाव होतं. रोमकरांस पत्रात पौलानं त्याच्यासाठी वापरलेला शब्द जुन्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठीच आलेला आहे. योहान पहिल्या अध्यायात शब्द देही झाला असं सांगून पुढं म्हणतो की त्यानं आमच्यात वस्ती केली. मूळ क्रियापदाचा अर्थ आहे तंबू ठोकला. आणि रिकाम्या कबरेत मरियेला दोन देवदूत बसलेले दिसतात, एक उशाशी, एक पायथ्याशी, मधली जागा मोकळी. कोशावरचे दोन करूब आणि त्यांच्या मधली जागा ज्यानं मापांसकट वाचली आहे, त्याला ते दृश्य ओळखीचं वाटतं.

आता गच्चीवरच्या चौकोनाकडे परत येते. दहा हात लांब, दहा रुंद, दहा उंच. शलमोनाकडे वीस, वीस, वीस. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असलेली आणखी एकच जागा बायबलच्या शेवटाला येते, प्रकटीकरणाच्या 21 व्या अध्यायात: नवी यरुशलेम, नवरीसारखी सजलेली. देवदूत सोन्याचा बोरू घेऊन ती मोजतो. बारा हजार स्तादिया, तिन्ही बाजूंनी. स्तादिया सुमारे 185 मीटर, म्हणजे 2,220 किलोमीटर. कन्याकुमारीपासून जवळजवळ दिल्लीपर्यंत एक बाजू, तेवढीच दुसरी, आणि तेवढीच उंच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं त्याच्या साडेपाचपट वर. प्रधानयाजकाच्या उरपटावर बारा रत्नं होती, इथं तटाच्या बारा पायांना बारा रत्नं.

मी भागाकार केला. साडेचार मीटरची बाजू 4,93,333 पट झाली. पोकळी काढायला त्याचा घन करावा लागतो, आणि तिथं लाख, कोटी, अब्ज सगळे मागं पडले. भास्कराचार्यांनी लीलावतीत संख्यांच्या अठरा स्थानांची नावं दिली आहेत, त्यातलं शेवटचं परार्ध, एकावर सतरा शून्यं. उत्तर परार्धात आलं: खोली एक परार्धाहून जास्त पट मोठी झाली. ज्या जागेत वर्षातून एक दिवस एक माणूस भीतभीत जायचा तीच जागा, तोच आकार. योहान सांगतो की त्या नगरीत त्याला मंदिर दिसलं नाही. सगळी नगरीच परमपवित्रस्थान असेल तर आत आणखी मंदिर कशाला लागेल?

भाच्याला मी दार दाखवलं. अंगणाला एकच, पूर्वेला, वीस हात रुंद; तंबूला एक; आतल्या खोलीला एक पडदा. मग वहीत नगरीचा चौकोन काढला आणि त्याला वेशी मोजायला सांगितल्या. प्रत्येक बाजूला तीन, एकूण बारा. त्या वेशी रात्री किती वाजता लावतात, असं त्यानं विचारलं. लावतच नाहीत, मी म्हटलं, तिथं रात्र नसते.